बसऱ्याचा सराफ आणि आपला मोबाइल

मराठीत पैशाचा हिशेब मांडायला बसलो की आपण नकळत अरबी-फारसी शब्द वापरू लागतो. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नगद, सराफ; हिशेब हा शब्दही त्याच वाटेने आलेला. ‘हवाला’ हा शब्द आज बदनाम झाला असला, तरी आपले देणे दुसऱ्याकडे सोपवणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. नाण्या-नोटांविना व्यवहार करणे आपल्याला मोबाइलने शिकवले, हा समज म्हणूनच एकदा तपासून पाहिला पाहिजे.

इ. स. १०५१ मध्ये, म्हणजे हिजरी ४४३ साली, नासिर खुसरो हा फारसी कवी बसऱ्यात पोचला. तिथल्या बाजाराची रीत त्याने ‘सफरनामा’ या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. माणूस जवळची रक्कम सराफाकडे ठेवी आणि त्याच्याकडून चिठ्ठी घेई. मग जी खरेदी होईल तिची किंमत त्या चिठ्ठीवर वळती होई. शहरात असेपर्यंत सराफाच्या चिठ्ठीवाचून दुसरे काही लागत नसे.

याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. वाळवंट तुडवून आलेले नासिर आणि त्याचा भाऊ फाटक्या वेशात हमामात गेले. पदरी थोडे पैसे होते, पण हमामवाल्याने त्यांना वेडे समजून बाहेर काढले; पोरांनी दगड मारले. पुढे वजिराची ओळख झाली, अंगावर चांगले कपडे आले, आणि त्याच हमामात त्यांचे अदबीने स्वागत झाले. हे दोन प्रसंग आपण एकत्र वाचले पाहिजेत. चिठ्ठीवर चालणारा बाजार विश्वासावर चालतो. आणि ज्याची ओळख नाही त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतो.

हिंदुस्तानात शेरशाह सूरीने (१५४०–४५) सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया पाडला. नाणे हाती असलेल्याला नाव-गाव सांगावे लागत नसे. त्याच्या जोडीला सराफांची हुंडी होतीच. सुरतेचा व्यापार हुंडीवर चाले. मात्र हुंडी होती पेढीवर पत असलेल्यांची. सामान्य माणसाला पैसा दूर धाडण्याची भरवशाची सोय मिळाली ती १८८० मध्ये, टपाल खात्याच्या मनीऑर्डरने.

कोकणातल्या आपल्या घरांना मनीऑर्डरचे मोल वेगळे सांगायला नको. मुंबईला किंवा जहाजावर गेलेल्या पुरुषांच्या कमाईवर कित्येक चुली पेटत. पोस्टमन दारात येई, घरच्या बाईसमोर नोटा मोजी, तिची सही किंवा अंगठा घेई. कुपनावर खुशालीच्या चार ओळी असत. त्या रकमेतून तेल-मीठ, मुलांची फी, शेजारच्या विधवेला गुपचूप द्यायचे पाच रुपये, सारे ती ठरवी. लिहिता-वाचता न येणारी बाईही त्या पैशाची मालकीण होती.

११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. लोक रांगांत उभे राहिले, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांकडे चौकोनी कोड आले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे मासिक व्यवहार एक हजार कोटींपुढे गेले. गंमत अशी की रोकडही घटली नाही. नोटाबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटींचे चलन फिरत होते. मार्च २०२४ अखेर ते ३५ लाख कोटींच्या घरात गेले. मोबाइल वापरणारा समाजही नोट हाताशी ठेवतो, याला कारण आहे. नोटेला पिन लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि सदका देताना ती देणाऱ्याचे नाव उघड करत नाही.

नव्या सोयीचे आपण स्वागतच करतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, परगावच्या मुलाला क्षणात फी धाडता येते. पण खाते आईच्या नावावर आणि मोबाइल-पिन मुलाच्या हाती असेल, तर अंगठा उठवून नोटा मोजून घेणारी ती बाई आज आपल्याच पैशासाठी मुलाकडे हात पसरते. तंत्र पुढे गेले आणि तिचा हक्क मागे पडला, असे होऊ नये. साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून आहे. ती घरातल्या थोरल्या बायकांना शिकवणे आपले काम आहे. आणि ज्याच्या हाती फक्त नोट आहे, त्याला आपल्या दुकानातून परत पाठवू नये. बसऱ्याच्या हमामवाल्याने जे केले, ते आपल्या दारात घडायला नको.