तेराव्यानंतर

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास सरकारी दप्तरात पाहू गेले तर आकड्यांचा सापडतो. माणसांचा शोधायचा तर नाटक-सिनेमाकडे वळावे लागते, असे माझे मत हळूहळू बनत गेले आहे.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रात नोंद झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या. पण नोंद होते ती गेलेल्याची. मागे राहिलेली बाई तीत कोठेच नसते.

२००९ साली सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला म्हणून धास्तावलेली अलका नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते, पोराला त्याच्या मागोमाग धाडते. पाहताना हसू येते आणि त्या हसण्यातच घसा दाटतो. तरी पडद्यावरची अलका म्हणजे सोनाली कुलकर्णी, एक कसलेली अभिनेत्री होती.

पुढचे पाऊल ‘तेरवं’ या नाटकाने टाकले. लेखक श्याम पेठकर, दिग्दर्शक हरीश इथापे आणि रंगमंचावर शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः. आमच्याकडच्या दंडारीत बाईचे सोंगही पुरुषच घेत, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. तेराव्या दिवशी पाहुणे पांगतात. बाईचे खरे दिवस त्यानंतर सुरू होतात. ते दिवस ज्यांनी काढले त्यांनीच ते चारचौघांत उभे राहून सांगितले.

याच नाटकातल्या, कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावर ही वेळ आली; त्या रद्द करण्याचे समर्थन मी करणार नाही. पण १९७३ साली याच गावी गदिमांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले, तेव्हा अशी बाई त्या व्यासपीठावर येईल असे कोणाच्या मनातही आले नसेल.

मीही कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत अशीच एक विधवा आहे. तिला मी प्रकरणेच्या प्रकरणे रडविले. बाई, तुला आता काय करायचे आहे, असे एकदाही विचारले नाही. ती कादंबरी मी पुन्हा लिहावयास घेतली आहे. अजून पुरी झालेली नाही.