गायकानें आपलें गाणें स्वतः जाहीर करावें काय?

श्रोतेहो, नवी ध्वनिमुद्रिका निघाली कीं तिची वार्ता गायकानें स्वतःच सांगत फिरावी काय? पुष्कळांस हें उथळपणाचें वाटतें. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

इ. स. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें, तेव्हां गाण्याच्या शेवटीं त्यांनीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार व्हावयाच्या. गाणारें कोण, हें तेथील कारागिरांस कळावें, हा हेतु. आत्मप्रौढी भासली ती मुळांत व्यवहाराची गरज होती.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या असोद्याची लेक, जळगांवची सून. अक्षरओळख नसतांही घरीं-शेतीं काम करतां करतां त्या गाणीं रचीत. तीं जगापुढें जावींत अशी खटपट त्यांनीं केली नाहीं. घरच्या मंडळींनीं तीं टिपून ठेविलीं. चिरंजीव कवि सोपानदेव यांनीं तीं आचार्य अत्रे यांस दाखविलीं, आणि बाईंच्या निधनानंतर, १९५२ सालीं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं.

परंतु प्रत्येक घरीं सोपानदेव कोठून असणार? धुळें-जळगांवच्या खेड्यांतून जातीं थांबलीं, त्यांबरोबर कितीएक बायांचीं गाणीं मुकीं झालीं. आज त्यांचीं नांवेंही कोणास ठाऊक नाहींत. त्यांचा विनय निर्मळ खरा, पण तोटा आपला झाला.

म्हणून ‘माझें गाणें निघालें आहे’ इतकें कलावंतानें निःसंकोच सांगावें. ‘तें उत्तम आहे’ हें मात्र श्रोत्यांनीं म्हणावें.