श्री भवानी संग्रहालय, औंध

महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील (खटाव तालुका) एक प्रसिद्ध कलासंग्रहालय. साताऱ्याच्या आग्नेयेस सुमारे ४० किमी. अंतरावरील औंध गावी, यमाईदेवीच्या डोंगराच्या उतारावर ते वसलेले असून औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ साली त्याची स्थापना केली.

छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केलेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले, आणि पेशवाईच्या अस्तानंतर त्याच घराण्याची दौलत औंध संस्थान म्हणून उरली. संस्थानचा मुलूख तुटक व विखुरलेला आणि वसूल बेताचा होता. तथापि १९०९ मध्ये गादीवर आलेले बाळासाहेब हे स्वतः हाती कुंचला धरणारे, कीर्तनात रमणारे आणि सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करणारे असल्यामुळे, अन्यत्र शिकारखान्यावर व शाही थाटावर खर्ची पडणारा खजिना येथे विद्या व कला यांच्याकडे वळला. त्यांनी स्वतः रंगविलेले चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले; पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी त्यांनी एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्या आवृत्तीतील चित्रांचे कामही स्वतःच्या अंगावर घेतले; वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. संग्रहालय हे या दीर्घ व्यासंगाचेच फळ होय. ज्या वर्षी ते स्थापन झाले, त्याच वर्षी बाळासाहेबांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपविण्याचा संकल्प जाहीर केला व पुढील वर्षी महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली राज्यघटना संस्थानात अमलात आली, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संग्रहाचा मुख्य भाग चित्रांचा. त्यात पहाडी शैलीतील लघुचित्रे, राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, म. वि. धुरंधर आदी मुंबईच्या कलाशाळेच्या परंपरेतील चित्रकारांच्या कृती आणि पाश्चात्त्य नामांकित चित्रांच्या प्रतिकृती आहेत. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे वास्तव्य दीर्घकाळ औंधास होते. त्यांचे चिरंजीव, चित्रकार माधव सातवळेकर यांची कलाही येथे पाहावयास मिळते. रविवर्म्यांच्या चित्रांपैकी ‘सैरंध्री’ विशेष ख्यातनाम आहे. अज्ञातवासात राणी सुदेष्णेची दासी झालेली आणि तिच्याच आज्ञेने मद्याचे पात्र घेऊन कीचकाच्या महाली जाण्याचा प्रसंग ओढवलेली द्रौपदी हा या चित्राचा विषय; महाभारतातील मानिनीची ही कोंडी चित्रकाराने युरोपीय छायाप्रकाशाच्या तंत्राने साकारावी, यात त्या काळच्या भारतीय चित्रकलेची सारी ओढाताण एकवटली आहे.

शिल्पविभागात, हस्तिदंत व चंदन यांवरील नाजूक कोरीवकाम आणि पाश्चात्त्य मूर्तींच्या प्रतिकृती यांच्या सान्निध्यात, हेन्री मूर (१८९८–१९८६) या इंग्रज शिल्पकाराची ‘माता व बालक’ ही पाषाणमूर्ती आहे. मुखावयवांचा तपशील जवळजवळ गाळून टाकून केवळ घनाकारांच्या परस्परसंबंधातून वात्सल्य सुचविणारी ही कृती, यथार्थदर्शनाची आवड असलेल्या या संग्रहात प्रथमदर्शनी उपरी वाटते. परंतु ज्या काळी मूरची खुद्द त्याच्या देशात थट्टा होत असे, त्या काळच्या कलेला माणदेशाच्या वेशीवरील एका खेड्यात स्थान मिळाले, ही लहान गोष्ट म्हणता येणार नाही.

महानगरांतील संग्रहालये बहुधा विद्वत्समित्यांनी सिद्ध केलेली असतात. हे मात्र एका व्यक्तीच्या दृष्टीने घडले. त्यामुळे अस्सल कृतींच्या शेजारी प्रतिकृती आणि थोरामोठ्यांच्या शेजारी होतकरू हात, अशी विषमता त्यात आहे. परंतु ज्या प्रजेला परदेशी जाणे स्वप्नातही शक्य नव्हते तिच्यासाठी प्रतिकृतींचेही मोल होते. यमाईच्या पौषातील यात्रेला येणारा शेतकरी देवीच्या दर्शनाबरोबर चित्रांचेही दर्शन घेऊन परततो, हे भाग्य भारतातील फार थोड्या संग्रहालयांच्या वाट्याला आले आहे.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. संग्रहालयाची व्यवस्था सध्या महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राची कलाभिरुची जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने मुंबई व बडोदे यांच्याबरोबर औंधही अवश्य पाहावे.