भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा : गुण निरीक्षणांच्या नोंदीला

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातील कॉलेज रोडवर दोन सरकारी आवारे आहेत. एका आवारात तमिळनाडूचे शासकीय परीक्षा संचालनालय असून राज्यातील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार तेथून चालतो. दुसऱ्या आवारात प्रादेशिक हवामान केंद्र आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये उभारलेली मद्रास वेधशाळा याच जागी होती. प्रात्यक्षिकाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी या दुसऱ्या आवाराचा इतिहास बोधप्रद आहे.

वेधशाळेचे प्रमुख जॉन गोल्डिंगहॅम यांनी 1820-21 मध्ये येथे ध्वनीचा वेग मोजला. सेंट जॉर्ज किल्ला आणि सेंट थॉमस माउंट येथे सुटणाऱ्या तोफांची चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले जात. माउंट सुमारे 9 किलोमीटर दूर असल्याने तेथील आवाज पोहोचण्यास जवळपास 26 सेकंद लागत. तापमान, हवेचा दाब, आर्द्रता व वारा यांचीही नोंद होत असे. महिन्यागणिक सरासरी वेगळी आली आणि ती तशीच प्रसिद्ध करण्यात आली. 1821 मध्ये त्यांनी याच ठिकाणी लंबकाचेही प्रयोग केले.

आजच्या प्रयोगशाळेत नेमके उलटे घडताना दिसते. गुरुत्व त्वरणाचे मूल्य 9.8 असल्याचे पाठ असते; मग उत्तर तेवढेच यावे म्हणून निरीक्षणे मागाहून ‘जुळवली’ जातात. गंमत अशी की 9.81 हे मूल्य लंडन-पॅरिसच्या अक्षांशांच्या आसपासचे आहे. चेन्नईत ते सुमारे 9.78 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, महाराष्ट्रातही 9.78 ते 9.79 च्या दरम्यान. म्हणजे तंतोतंत 9.81 काढणारी वही अचूक ठरत नाही, ती संशयास्पद ठरते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या 30 गुणांपैकी दोन प्रयोगांना 14, नोंदवहीला 5 आणि तोंडी परीक्षेला 5 गुण आहेत. उरलेले 6 गुण कृती व प्रकल्प यांत विभागलेले आहेत. महाराष्ट्रातही बारावीला लेखी 70 व प्रात्यक्षिक 30 अशीच विभागणी आहे. तोंडी परीक्षेत ‘किती आले’ यापेक्षा ‘असे का केले’ हा प्रश्न अधिक विचारला जातो आणि जुळवलेल्या आकड्यांकडे त्याचे उत्तर नसते.

साध्या लंबकाचेच पाहू. एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन सुमारे 2 सेकंदांत पूर्ण होते. स्टॉपवॉच दाबताना हाताकडून 0.2 सेकंदाची चूक झाली, तर एकाच आंदोलनावरून काढलेल्या कालावधीत 10 टक्के त्रुटी येते. सूत्रात कालावधीचा वर्ग असल्याने गुरुत्व त्वरणातील त्रुटी सुमारे 20 टक्क्यांवर जाते. वीस आंदोलने मोजल्यास तीच चूक 40 सेकंदांत विभागली जाते आणि अंतिम त्रुटी एक टक्क्याच्या आसपास राहते. आंदोलने वीस का घ्यायची, याचे उत्तर एवढेच आहे. ‘पुस्तकात तसे दिले आहे’ हे नव्हे. लंबकाची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजावी लागते. त्रिज्या धरायची राहिली तर लांबी आणि कालावधीचा वर्ग यांच्या आलेखाचा उतार बरोबरच येतो, मात्र रेषा आरंभबिंदूतून जात नाही. आलेख काढण्याचा फायदा येथे दिसतो : केवळ गणिताने न सापडणारी चूक तो उघड करतो.

रोधकतेच्या प्रयोगातही हाच विचार लागू पडतो. तारेचा व्यास 0.40 मिलिमीटर असेल आणि स्क्रू गेजचे लघुत्तम माप 0.01 मिलिमीटर असेल, तर व्यासातील अनिश्चितता अडीच टक्के होते. त्रिज्येचा वर्ग घ्यावा लागत असल्याने रोधकतेत ती पाच टक्के होते. त्यामुळे व्यास तारेवर अनेक ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा. मीटर ब्रिजवर शून्य विक्षेपाचा बिंदू तारेच्या मध्याजवळ येईल असा ज्ञात रोध निवडावा, नंतर दोन्ही रोधांच्या जागा बदलून पुन्हा निरीक्षण घ्यावे आणि कळ क्षणभरच दाबावी. अन्यथा तार तापून रोध बदलतो.

नोंदवहीत चुकलेले निरीक्षण खोडरबराने पुसू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून नवे निरीक्षण शेजारी लिहावे, म्हणजे आधी काय वाचले होते हे परीक्षकालाही दिसते.