बाशिंगातलं शिंग

उन्हाळ्याच्या सुटीत भाचीला रेझिनचं वेड लागलं. दोन बाटल्या आणल्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन भाग ह्यातलं, एक भाग त्यातलं, हळूहळू ढवळायचं, ओतायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. साच्याचे पैसे वाचवायला श्रीखंडाच्या डब्याची झाकणं घेतली. बोगनवेलीची फुलं झाली, चिंचेची पानं झाली, बसची तिकिटं झाली. मग तिची नजर वर गेली. आढ्याला एक बाशिंग बांधलेलं होतं, माझ्या आईवडिलांच्या लग्नातलं.

"मामा, कसं धूळ खातंय बघ की. काचेत घातल्यासारखं करून देते."

लग्नातले हार रेझिनमध्ये गोठवून भिंतीवर लावायची टूम आहेच. म्हटलं, बाशिंगानं काय पाप केलंय. पुठ्ठ्याचा भाग जाड होता, म्हणून तिनं वरचा तुरा तेवढा सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गुलाबी पतंगी कागद भज्याच्या पुडीसारखा तेलकट, आरपार झालेला. कागदाला आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्यायचे असतात, नाहीतर तो रेझिन पिऊन टाकतो, हे आम्हाला मागाहून कळलं. भाची रडकुंडीला आली. मी मात्र चष्मा पुसून वाकलो, कारण गुलाबीच्या आडून अक्षरं वर आली होती. तुरा ताठ राहावा म्हणून कारागिरानं आतून वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता, आणि ते वर्तमानपत्र कन्नड होतं.

रद्दी हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. सोलापुरात वाण्याची पुडी मराठीत, कन्नडात, तेलुगूत, उर्दूत, कशातही बांधून येते. पण त्या तुकड्यानं डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. बाशिंग हा शब्द मी आजवर मराठी म्हणून वापरत आलो. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले किती उतावळे नवरे पाहिले, पण हा शब्द आला कुठून, हे कधी विचारलं नव्हतं.

माझी जुनी समजूत सांगतो, म्हणजे ती मोडताना मजा येईल. भाल म्हणजे कपाळ, शृंग म्हणजे शिंग. कपाळावरचं शिंग ते भालशृंग, त्याचं भाशिंग, त्याचं बाशिंग. ऐकायला झकास. बाशिंग असतंही तसंच, कपाळावर बांधलेलं, वर निमुळतं होत जाणारं. अशा व्युत्पत्त्या चहाच्या टपरीवर फार शोभतात. पण 'भाल'मधला 'भ' असा सहजी 'ब' होत नाही, मधला 'ल' वाटेत कुठं सांडला ते सांगता येत नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारची दोन घरं, कन्नड आणि तेलुगू, हा शब्द आपलाच म्हणून वापरतात, त्यांच्याकडे शिंगाचा पत्ताच नाही.

लग्नसराईत सोलापुरात मधल्या मारुतीपाशी बाशिंगाच्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहावं. एक गिऱ्हाईक बाशिंग मागतं, दुसरं, कन्नड बोलणारं, बासिंग, आणि शहराच्या पूर्वभागातून आलेली पद्मशाली बाई बासिकम. वस्तूही थोड्या वेगळ्या. तेलुगू बासिकम कपाळाला दोऱ्यानं बांधायची छोटी पट्टी. आपलं बाशिंग पुठ्ठ्याचं, वीतभर उंच, बाजूला झुबके सोडलेलं. दुकानदार मान वर न करता तिघांना तीन वस्तू काढून देतो. तीन भाषांची सरहद्द इथं एका फळीवर मांडलेली असते.

जुन्या कन्नडात 'बासिग' म्हणजे डोक्यावर बांधायची फुलांची माळ. तमिळमध्ये 'वासिगै', अर्थ तोच. आता गंमत पाहा. तमिळमधला सुरुवातीचा 'व' कन्नडात 'ब' होतो, हा ठरलेला रिवाज आहे: तोंडाला तमिळ 'वाय', कन्नड 'बाय', मुळाला तमिळ 'वेर', कन्नड 'बेरु'. म्हणजे 'वासिगै' आणि 'बासिग' ही सख्खी भावंडं. आणि आपल्या शब्दाच्या तोंडाशी 'ब' आहे. हा 'ब' म्हणजे जकात नाक्याचा शिक्का समजा. माल कुठूनही निघालेला असो, आला तो कर्नाटकाच्या वाटेनं.

संस्कृताभिमानी मित्र इथं अडवतो. म्हणतो, मूळ संस्कृतच असणार, 'वास'वरून, सुगंधावरून, फुलांवरून. असेल. मी भांडत नाही. पण तरी शिक्का पुसला जात नाही, कारण कन्नड भाषा संस्कृतातल्या 'व'लाही हेच करते. वसतीची बसदी तिनंच केली. वृषभाचा बसव तिनंच केला. मूळ कुठलंही धरा, मराठीत 'बा' म्हणून येण्यासाठी शब्दाला कन्नड घरात काही काळ नांदावं लागलं, हा माझा दावा आहे आणि तो मी सोडणार नाही.

राहिलं ते 'शिंग'. 'बासिग'मध्ये अनुस्वार नाही. 'बासिंग' हे अनुस्वाराचं रूप कन्नडातच तयार झालं असावं, कारण तिकडेही ते चालतं. 'सि'चा 'शि' मात्र अस्सल मराठी कारभार. सिंदूराचा आपण शेंदूर केला, सीव्यतिचं शिवणं केलं. इकाराशेजारी 'स' आला की मराठी जीभ तो 'श' करते. एकदा 'बाशिंग' झालं की कानाला त्यात शिंग ऐकू येणारच. परक्या शब्दाला ओळखीचा चेहरा लावायची कानाची ही खोड जुनी आहे.

तिचा दुसरा नमुना भाचीच्याच टेबलावर होता. रेझिनला मराठीत राळ म्हणतात, पण जुने रंगारी रोगणासाठी जी उंची राळ वापरत तिचं नाव चंद्रस. किती देखणं नाव, चंद्राचा रस! प्रत्यक्षात तो फारसी 'संदरूस'. ही राळ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, झांजिबारहून मुंबईला उतरायची, आणि स्वाहिली भाषेत तिला आजही 'संदरूसी'च म्हणतात. मराठी कानानं त्यात चंद्र पाहिला, जसं बाशिंगात शिंग पाहिलं. मला हे कळल्यावर दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता आडवा प्रश्न असा, की सीमेवरचा शब्द ठीक, पण बाशिंग तर कोकणातही आहे. सीमेवरून एवढ्या लांब कसं पोचलं? ह्यावर माझं उत्तर: तेव्हा सीमा होती कुठं? दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर कुडलला जो मराठी शिलालेख आहे, तो शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आणि तो उभा आहे कन्नडच्या अंगणात. चालुक्य, यादव ह्यांच्या दरबारांत दोन्ही भाषा नांदत होत्या. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे जर त्या घरून आले, तर लग्नाचा मुकुट यायला काय हरकत?

सोलापूरकराला तर ह्याचं प्रात्यक्षिक दर वर्षी फुकट बघायला मिळतं. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची जत्रा भरते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येनं धरला. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी कथा. त्याचं स्मरण म्हणून सात नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि सम्मती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. नंदीध्वजांना बाशिंग बांधलेलं असतं. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त त्या उंच काठ्या तोलत नेतात. सिद्धराम स्वतः कन्नड वचनकार, बसवेश्वरांचे समकालीन. बसव म्हणजे वृषभ, वृषभ म्हणजे नंदी. 'व'चा 'ब' झालेला देव आणि 'व'चा 'ब' झालेला मुकुट एका काठीवर भेटतात. योगायोग आहे, कबूल. पण मला तो फार आवडतो.

कागदाचं थोडक्यात. तो बाशिंगात उशिरा आला. आधी फुलं असणार, मग भेंड, म्हणजे पाणवनस्पतीचा तो पांढरा हलका गाभा. कन्नडात त्याला 'बेंडु' म्हणतात, बंगाल्यात शोला. तिकडच्या नवरदेवाचा टोपर शोलाचाच. इंग्रज सोलापूरला 'शोलापूर' लिहीत, तेव्हा शोलाचं पूर ते शोलापूर असं काही जमतंय का, हे मी एक अख्खी संध्याकाळ तपासलं. जमत नाही. गावाचं जुनं नाव सोन्नलगी, विषय संपला. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा हातकागद दप्तरांसाठी, तो कोण बाशिंगाला लावणार? माझ्या मते गिरणीचा स्वस्त कागद बाजारात आल्यावरच बाशिंग कागदी झालं. सोलापुरात कापडाची जुनी मिल 1877 ला उभी राहिली. कापडाच्या ताग्यांतले पुठ्ठे आणि रंगीत लेबलं बाशिंगवाल्यांच्या हाती लागली असतील, असं मी खुशाल धरून चालतो. पुठ्ठा, पतंगी कागद, बेगड, आरशाचे तुकडे आणि कणकेची खळ. ह्यातलं बेगडही कन्नडात 'बेगडे' आहे, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

बिघडलेला तुरा भाची टाकून देणार होती, तो मी मागून घेतला. आता खिडकीत ठेवलाय. सकाळचं ऊन मागून आलं की गुलाबी कागदातून कन्नड ओळी दिसतात. तुमच्या घरी आढ्याला जुनं बाशिंग असेल तर ते बुडवून वगैरे पाहू नका. नुसतं सोडवून पालथं करा, आणि आत कुठल्या भाषेचा कागद आहे तेवढं वाचून परत बांधून ठेवा.