वाढीव उजेडाची कुळकथा

“मिस्त्री, रात्री समोरचं काहीच दिसंना गेलंय. मोठा बल्ब टाका.”

नांदेड-लातूर पट्ट्यातल्या दुचाकीच्या गॅरेजांना ही तक्रार नवी नाही, आणि ती खोटीही नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी लागली की मोटर सुरू करायला अपरात्री रान गाठावं लागतं, आणि पांदणीला खांबाचा दिवा कुठून असायला? तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढे बुटीबोरीला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद आहे खरा, पण साखर कारखान्यांचा हंगाम लागला की त्यावर उसाच्या ट्रॉल्या उतरतात. ऊस इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर, असले तरी, झाकलेच जातात. अशा ट्रॉलीचं अंधारात दर्शन होतं ते ब्रेक दाबायला अंतर उरलेलं नसताना. त्यामुळे कंपनीने दिलेल्या उजेडावर स्वाराचा विश्वास नसतो, आणि तो बल्ब बदलून घ्यायला येतो.

बल्ब मात्र दिव्याच्या घराण्यातला सर्वांत कमी दोषी सदस्य आहे. उजेड अडतो तो एकतर बल्बच्या मागे, म्हणजे वीज येते तिथे, नाहीतर बल्बच्या पुढे, म्हणजे किरण वळतात तिथे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दुचाकीच्या दिव्यात जे जे बदललं, ते बहुतेक याच दोन जागी.

पहिल्या मोटारसायकलींच्या दिव्याला वीज नव्हतीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायकल आणि मोटारसायकलवर कार्बाइडचा दिवा असे. खालच्या डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या टाकीत पाणी. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि ज्योत आरशापुढे पांढरीशुभ्र जळे. आंबे पिकवण्यासाठी वापरायला बंदी असलेलं आणि गॅस वेल्डिंगवाल्यांच्या डब्यात अजून सापडणारं कार्बाइड ते हेच. उजेड कमी-जास्त करायचा तर पाण्याची चावी फिरवायची. स्वाराला आपल्या हाताने उजेड वाढवता येई, असा हा कदाचित एकमेव दिवा. पुढच्या सगळ्या दिव्यांनी ही मुभा काढून घेतली.

वीज आली ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. अमेरिकेत इंडियन कंपनीने १९१४ मध्ये आणि हार्ले-डेव्हिडसनने १९१५ मध्ये विजेचे दिवे दिले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि दिव्यासाठी डायनामो एकत्र करून ‘मॅगडायनो’ काढला. या लुकासचे दिवे ऐन वेळी इतके दगा देत, की इंग्रजी गाड्या चालवणाऱ्यांनी कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली होती. म्हणजे कंपनीच्या दिव्याला नावं ठेवण्याची परंपरा काही लातूरने सुरू केलेली नाही.

१९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या काट्यावरच्या कवचात मुख्य दिवा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चिमुकले पायलट दिवे, हा चेहरा इंग्लंडहून आला तो आजवर टिकून आहे. दिसायला रुबाबदार, पण जुन्या बुलेटची वीज सहा व्होल्टची. राजदूत आणि येझदीचंही बराच काळ तेच. सहा व्होल्टची अडचण अशी, की तेवढ्याच वॅटच्या बल्बला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि वायरमध्ये वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते. दुप्पट करंट म्हणजे चौपट नुकसान. त्यात जुना तांब्याचा धागा, गंजलेलं अर्थिंग आणि हँडलवरच्या स्विचची झिजलेली पितळी पट्टी. बल्बपर्यंत पोचेस्तोवर सहाचे पाच व्होल्टही उरत नसत. बल्बचा प्रकाश तर व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातांकाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीसेक टक्के उजेड गेला. सहाचे पाच झाले की निम्मा उजेड उडाला, आणि दोष बल्बच्या माथी.

ऐंशीच्या दशकात हलक्या जपानी धाटणीच्या गाड्या आल्या. हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही १९८५ च्या, स्प्लेंडर १९९४ ची. पुढे या वर्गातल्या गाड्या बारा व्होल्टवर आल्या, पण कमी पेट्रोलमध्ये जास्त चालणाऱ्या गाडीला दिव्यासाठी वीज खर्च करणं परवडत नाही. त्यामुळे एक काटकसरीची व्यवस्था रूढ झाली. इंजिनच्या मॅग्नेट कॉइलमधून येणाऱ्या उलटसुलट लाटेचा अर्धा भाग बॅटरी चार्ज करायला आणि अर्धा थेट हेडलाइटला. बॅटरीचा हेडलाइटशी संबंधच नाही. ॲक्सिलरेटर पिळला की रस्ता दिसे, खड्डा पाहून गाडी हळू केली की नेमका तो खड्डाच दिसेनासा होई. चिखलाच्या पांदणीत पहिल्या गियरवर चालणाऱ्या शेतकऱ्याला यापेक्षा गैरसोयीची रचना देणं अवघड होतं.

गॅरेजांनी त्यावर उतारा काढला: ‘फुल वेव्ह’ करून घेणं. मॅग्नेटचं कव्हर उघडून कॉइल प्लेट काढायची, कॉइलचं इंजिनच्या अंगाला जोडलेलं टोक सोडवायचं, त्याला नवी वायर जोडून बाहेर आणायची आणि जुन्या आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटच्या जागी दोन्ही अर्ध्या लाटा पकडणारं युनिट बसवायचं. आता सगळी वीज बॅटरीकडे जाते आणि हेडलाइट बॅटरीवर चालतो. गाडी उभी असतानाही उजेड स्थिर. एक रुपयाचाही नवा बल्ब न घेता. दिव्याच्या सुधारणांमधली सर्वांत हुशार सुधारणा कोणती, असं विचारलं तर उत्तर हेच द्यावं लागेल. ती कोणत्या गावात, कोणाच्या हातून सुरू झाली याची नोंद नाही, कारण असल्या शोधांचं पेटंट घेतलं जात नाही.

दुसरी सुधारणा रिलेची. चौकोनी काळी डबी, खाली चार पाय. हँडलवरच्या नाजूक स्विचमधून फक्त इशाऱ्यापुरता करंट जातो, आणि तो इशारा मिळाला की डबीतली पट्टी चिकटून बॅटरीची वीज जाड वायरने, मध्ये एक फ्यूज ठेवून, सरळ बल्बला मिळते. डबीच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधले. तीस म्हणजे बॅटरीची कायम पॉझिटिव्ह, सत्त्याऐंशी म्हणजे दिव्याकडे जाणारी, पंच्याऐंशी-शहाऐंशी आतल्या कॉइलची टोकं. ते मानक कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, पण “तीसला बॅटरी दे, सत्त्याऐंशीला होल्डर” हे वाक्य गॅरेजमधल्या शिकाऊ पोरालाही कळतं. डीआयएनच्या समितीला आपली भाषा गोदावरीच्या काठी बोलली जाईल असं वाटलं नसणार.

आता बल्बच्या पुढची बाजू. एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा घालण्याची युक्ती ओसरामने १९२५ मध्ये ‘बायलक्स’ बल्बात आणली. त्यातली खरी गंमत डिप्परच्या तारेखाली बसवलेल्या इवल्याशा धातूच्या वाटीत आहे. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि किरण रस्त्याकडे झुकतात. पुढे हॅलोजन आला. जनरल इलेक्ट्रिकचं त्याचं पेटंट १९५९ चं, आणि दोन तारांचा, ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब १९७१ चा. वाटी मात्र त्यातही आहेच. आपल्याकडच्या लहान गाड्यांना एचएस१ नावाचा ३५/३५ वॅटचा धाकटा भाऊ मिळाला. दोघांची बैठक जवळपास सारखी, म्हणून ‘मोठा बल्ब’ छोट्या घरात बसवायचा मोह होतो. कधी ६०/५५, कधी थेट १००/९०. मग होल्डर वितळतो, आरशाची चकाकी करपते, प्लास्टिकच्या डूमला पिवळट डाग पडतात आणि बॅटरी सकाळी किक मारायला लावते. वाढलेला उजेड महिनाभर टिकतो, नंतर आधीच्यापेक्षा कमी.

या शतकाच्या सुरुवातीला एचआयडी, म्हणजे झेनॉन दिव्यांचे चिनी किट आले आणि त्यांच्यामागून एलईडी. पांढऱ्या एलईडीमागचा निळा एलईडी तयार करणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सिकंदराबादच्या राणीगंजपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत आणि दिल्लीच्या करोलबागेपर्यंत, वाहनांच्या सुट्या भागांच्या सगळ्या बाजारांत एच४ च्या बैठकीचे एलईडी बल्ब ढिगाने मिळू लागले. वीज थोडी खातात, मॅग्नेटवर ताण नाही, रंग दुधासारखा. कागदावर सगळं उत्तम. पण हॅलोजनची तार आरशात जिथे असते, अगदी तिथेच एलईडीची चिप असली तरच किरण ठरल्या जागी जातात. स्वस्त बल्बात ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरने हलते, डिप्परची सीमारेषा पुसली जाते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पांढरी भिंत उभी राहते. आणखी एक घोळ असा, की आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिप्परचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढायला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेली काच किंवा प्रोजेक्टर बसवला, तर तो चढाव नेमका समोरून येणाऱ्याच्या बाजूला जातो.

रंगाचंही तसंच. पांढराशुभ्र उजेड कोरड्या डांबरावर खुलतो, पण आषाढाच्या सरीत ओला रस्ता तो गिळून टाकतो आणि पडणारे थेंब तेवढे चमकतात. म्हणून जाणते स्वार खाली पिवळ्या दिव्यांची जोडी लावतात. फ्रान्समध्ये तर १९३६ च्या कायद्याने गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले, ते १९९३ पर्यंत.

झोत कुठे पाडायचा हा प्रश्न कायद्यानेही हाताळला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवणार नाही, असाच तो खाली वळवलेला हवा. जुन्या ट्रक-जीपच्या दिव्यांच्या काचांवर, वरच्या भागाला, काळा रंग दिसे, तो याच हेतूचा गावठी अवतार. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाच्या भीतीपेक्षा भिंत जास्त उपयोगी पडते. गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर खडूची रेघ मारायची, आणि डिप्परची वरची कड त्या रेघेखाली दहा-पंधरा सेंटिमीटर पडेल असा डूमचा बोल्ट आवळायचा. हे करताना मागे माणूस बसवावा. डबल सीट किंवा कॅरियरला खताचं पोतं असलं की मागची बाजू बसते, पुढची उचलते आणि नीट लावलेला डिप्परही झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागतो.

मराठवाड्याचं या घराण्याशी आणखी एक नातं आहे, ते कारखान्याच्या बाजूने. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला, आणि त्याच वसाहतीत वाढलेल्या व्हेरॉक कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकी व्हिस्टिऑनचा दिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. नांदेडचा तरुण बाजारातून दिल्लीचा बल्ब आणत होता, तेव्हा मराठवाड्यातल्याच वाळूजची कंपनी युरोपातल्या मोटारींचे हेडलाइट घडवत होती. युरोप-अमेरिकेतला तो व्यवसाय व्हेरॉकने २०२२ मध्ये फ्रान्सच्या प्लास्टिक ओम्नियमला विकला. बजाजनेच २००७ मध्ये पल्सर २२० वर प्रोजेक्टर दिवा देऊन देशी दुचाकीला रेखीव सीमारेषेचा डिप्पर पहिल्यांदा दाखवला.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो, हँडलवरचा बंद-चालूचा खटका गेला. पहिले काही महिने समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडमिट करून “दिवा चालू राहिलाय” असं बजावून जाई. काहींनी वैतागून गॅरेजमध्ये खटका पुन्हा बसवून घेतला. उजेड वाढवून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये उजेड बंद करून घ्यायला येणारंही गिऱ्हाईक मिळालं.

आता बऱ्याच नव्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी येतो, आणि त्यात बदलायला बल्बच नसतो. चिप, आरसा, काच सगळं एकत्र चिकटवलेलं. एक चिप गेली तर शोरूम पूर्ण डूम बदलायला सांगते. त्यामुळे मिस्त्रीच्या टेबलावर पान्यांशेजारी हीट गन आणि सोल्डरिंग आयर्न आली आहेत. काचेच्या कडेचा डिंक गरम हवेने मऊ करायचा, काच अलगद सोडवायची, मेलेली चिप काढून नवी सोल्डर करायची, आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून कड पुन्हा नीट बंद करायची. बहुतेक दिवे फसतात ते या शेवटच्या कामात. पहिल्याच पावसात आत वाफ धरते, आणि डूम परत टेबलावर येतो.