न घेतलेली दुसरी पेटी

पेणच्या गणपती कारखान्यांत सगळ्यात मोठी धांदल असते ती ऐन पावसाळ्यात, आणि रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते दसऱ्याच्या सुमारास. हाताने चालवायच्या कॅमेऱ्यांच्या काळात अशा ठिकाणी छत्तिसावा फोटो निघाला की फोटोवाल्याची कसोटी लागे. कॅमेऱ्याच्या बुडाचं बारीक बटण दाबायचं, डावीकडच्या चकतीची घडीची दांडी उलगडायची आणि बाणाच्या दिशेने फिरवत सगळा रोल परत कॅसेटमध्ये गुंडाळायचा. बटण नीट दाबलं गेलं नाही तर दात्यांत अडकलेली भोकं उसवत. रोल संपल्याचं ध्यानात न येता लिव्हर जोराने ओढला तर फिल्मचं शेपूट कॅसेटमधल्या कांडीवरून सुटून येई, मग दांडी कितीही फिरवा, फिल्म जागची हलत नसे. याचा दोष बहुतेक वेळा हाताळणाऱ्याच्या माथी मारला जातो. मला तो निवाडा पटत नाही. ही कटकट कॅमेऱ्याच्या जन्माबरोबरच आली आहे आणि तिचं मूळ सिनेमात आहे.

३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोकं असलेली पट्टी एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९०च्या दशकाच्या आरंभी हलत्या चित्रांसाठी रूढ केली. आपल्याकडे १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही घेऊन आले, कारण कोरी फिल्म बिनभोकांची मिळे. दादरच्या घरात, अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके त्या पट्टीला भोकं पाडत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला आणि साधारण त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलार गावी, लाइट्झच्या कारखान्यात, ऑस्कर बार्नाक हीच पट्टी एका छोट्या कॅमेऱ्यात बसवत होता. सिनेमाच्या दोन चौकटी जोडून त्याने २४ बाय ३६ मिलिमीटरची एक चौकट केली. म्हणून आजही प्रत्येक फोटोमागे फिल्म आठ भोकं पुढे सरकते. पण सिनेमाच्या कॅमेऱ्यात उजेडापासून जपणाऱ्या दोन जागा असतात: एकीतून कोरी फिल्म सुटते, दुसरीत टिपलेली गुंडाळली जाते. बार्नाकला कॅमेरा मुठीत मावणारा हवा होता. त्याने पट्टी घेतली, दुसरी पेटी घेतली नाही. टिपलेली फिल्म एका उघड्या रिळावर जमू लागली आणि तिला पुन्हा पहिल्या घरी पोचवणं भाग झालं. १९२५ साली तो कॅमेरा ‘लायका’ नावाने बाजारात आला आणि ही परतीची गुंडाळणी, म्हणजे रिवाइंड, त्याच्याबरोबर आली. १९३४ साली कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर एकदाच वापरून टाकायची तयार कॅसेट आणली आणि ही रीत जगभर पक्की झाली.

या रीतीतली खोट कळायची तर चुकून मागचं झाकण उघडलं की काय होतं ते पाहावं. उजेड पडतो तो रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांवर, म्हणजे सगळ्यात शेवटी काढलेल्या फोटोंवर. आतले, आधीचे फोटो कित्येकदा बचावतात. काढलेला प्रत्येक फोटो अखेरच्या क्षणापर्यंत असुरक्षित जागी राहावा, अशीच ही रचना आहे. त्यात कोकणातली हवा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा; तो दमट हवेत पाणी ओढतो, मऊ पडतो, वेढे एकमेकांना चिकटू पाहतात आणि कॅसेटच्या तोंडाच्या मखमलीतून फिल्म जड जाते. कोरड्या हवेत भरभर गुंडाळल्याने फिल्मवर विजेचे फाटे उमटतात, तो धोका पेणच्या श्रावणात फारसा नाही. पण मूर्तीच्या कारखान्यातली शाडूची बारीक धूळ त्या मखमलीत बसली, तर एकच कण परतीच्या वाटेवर छत्तिसाव्यापासून पहिल्या फोटोपर्यंत सलग ओरखडा ओढतो. जाताना एकदा, येताना पुन्हा एकदा: फिल्मला तोच दरवाजा दोनदा ओलांडावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग बिनरिवाइंडचे कॅमेरे होतेच की. होते. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री आपल्याकडे घरोघरी होता. त्यातल्या १२० रोलच्या पाठीवर कागद असे, रिकामी कांडीच पुढच्या रोलसाठी कामी येई. आग्फानेच १९३० च्या दशकात कारात कॅमेऱ्यात एका कॅसेटमधून दुसरीत जाणारी फिल्म देऊन पाहिली. पण क्लिक-थ्रीमध्ये बारा फोटो, कारातमध्येही बाराच. लग्नाच्या घरी किंवा पालखीच्या गर्दीत बारा फोटोंनी भागत नाही, आणि छत्तीसच्या रोलमध्ये दर फोटोचा खर्च उतरतो. लोकांनी गैरसोय ओळखूनच स्वस्ताई पत्करली, आणि ती निवड शहाणपणाची होती. माझा आक्षेप एवढाच की त्या निवडीची किंमत रचनेच्या नावे लिहावी, फोटोवाल्याच्या नाही.

आणखी कोणी म्हणेल, की फिल्म मोटारीने सरकवणाऱ्या कॅमेऱ्यांनी रिवाइंड संपवलंच. माझ्या मते त्यांनी ते फक्त आधी उरकलं. १९८०च्या दशकातल्या काही कॅमेऱ्यांत रोल घालताच सगळी फिल्म बाहेर गुंडाळली जाई आणि एकेक फोटो टिपून कॅसेटमध्ये परते. झाकण उघडलं तरी कोरीच फिल्म वाया जाई. दुसरी पेटी तेव्हाही आली नाही, पण धोका कोणत्या फोटोंना हे कारखानदारांनी ओळखलं होतं, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आज कपाटातली जुनी याशिका पुन्हा काढणाऱ्यांना हे कुळ ठाऊक असलेलं बरं. लिव्हर ओढताना डावीकडची चकती फिरते का ते पाहावं; सैल भाग ताणून घेतल्यावरही ती स्थिर असेल तर फिल्म रिळावर चढलेलीच नाही. गुंडाळताना दांडीला हलका ताण लागतो आणि शेवटी तो एकदम सुटतो. सुरुवातीपासूनच दांडी बिनओझ्याची फिरली तर झाकण उघडू नये. शेपूट सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. कॅमेरा तसाच स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत न्यावा किंवा बाह्यांच्या काळ्या पिशवीत उघडावा, फिल्म कडेला धरूनच रिळावरून सोडवावी आणि उजेड न शिरणाऱ्या डबीत बंद करून धुवायला द्यावी, डबीवर ‘कॅसेटबाहेर’ असं ठळक लिहून.